हेल्मेटवरची बाई

ईडन प्रेरीतल्या मराठी बायकांनी आइस हॉकीची टीम काढली, तेव्हा मंडळातल्या पुरुषांची महिनाभर फुकटात करमणूक झाली. नऊवारी नेसून खेळणार का, पकच्या, म्हणजे त्या रबरी चकतीच्या जागी थालीपीठ चालेल का, हाडं मोडली तर स्वयंपाक कोण करणार, असले विनोद व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत राहिले. विनोद करणाऱ्यांपैकी एकालाही बर्फावर धड उभं राहता येत नव्हतं, हे वेगळं सांगायला नको. बायका मात्र जिद्दीला पेटल्या. मिनेसोटात राहायचं, अर्धं वर्ष हिवाळा सोसायचा, मुलांना प्रॅक्टिसला सोडून आपण काचेमागे कुडकुडत बसायचं, त्यापेक्षा आपणच उतरू की, असं रुपाली म्हणाली आणि टीमचं नाव ‘वाघिणी’ ठेवून मोकळी झाली.

रुपाली कोथरूडची. आवाज खणखणीत, हात सढळ, आणि आपण बोलू ते सगळ्यांना आवडणारच अशी जन्मजात खात्री. अशी माणसं वाईट नसतात. कुणाला बरं नसलं की पहिला डबा त्यांच्याकडूनच येतो. फक्त ती कधी कुणाकडे नीट बघत नाहीत, कारण तशी वेळच त्यांच्यावर आलेली नसते.

गोलकीपर व्हायला कुणी तयार नव्हतं. सगळ्यांना पळायचं होतं, गोल मारायचे होते. अंगावर गादीएवढाले पॅड बांधून, तोंडावर जाळी लावून, लोकांनी आपल्याकडे दगडासारखी पक मारावी म्हणून उभं कोण राहणार? मोनाली पाटील राहिली. तिला वाटलं, निदान या जागेसाठी कुणाशी भांडावं लागणार नाही.

आणि गंमत म्हणजे तिला ते जमलं. मोनाली एका अ‍ॅनिमेशन कंपनीसाठी घरी बसून बॅकग्राउंड रंगवायची. पडद्यावर बदक पळत असतं, तेव्हा बदकाच्या मागची भिंत, रस्ता, दुकान, आकाश हे जे कुणी बघत नाही, ते मोनालीचं काम. दिवसभर एका खोलीत, एका स्क्रीनसमोर. नवरा रवी ऑफिसात, बाहेर गुडघाभर बर्फ. कधी कधी दिवसात तिचा आवाज फक्त कुरिअरवाल्याला ऐकू यायचा. असल्या बाईला आठवड्यातून दोनदा दहा-बारा जणी ‘मोना, मोना’ म्हणून ओरडतात, पाठीवर थापा मारतात, मॅच संपली की पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून इडल्या खाऊ घालतात, तेव्हा तिला काय वाटत असेल? तिला जीव परत आल्यासारखं वाटायचं. वाघिणी सुटल्या तर आपण पुन्हा त्या खोलीत एकट्या पडू, ही धास्ती तिला कायम असायची.

धास्तीला कारण होतं. पहिल्याच इडलीपार्टीत रुपालीने विचारलं होतं, "पाटील म्हणजे कुठले गं तुम्ही?"

"विदर्भातले," मोनाली म्हणाली.

"म्हणजे शेतीवाडी, वाडाबिडा असेल! मजाय बाबा."

मोनाली हसली. हसण्याला कुणी खोटं म्हणू शकत नाही. रवीच्या आजोबांनी नागपूरला बाबासाहेबांसमोर उभं राहून दीक्षा घेतली होती, मोनालीच्या आजीनेही. घरात बुद्धाची मूर्ती होती, एप्रिलमध्ये दोघं जयंतीला मिनिअ‍ॅपोलिसच्या हॉलमध्ये जायचे. यातलं काहीच तिने टीमपासून लपवलं नव्हतं. फक्त सांगितलं नव्हतं. रवी तिला म्हणायचा, "सांगून टाक ना यार, कोण काय करणारे?" रवीला सोपं होतं. त्याच्या ऑफिसात कुणी ‘कुठले पाटील’ विचारत नव्हतं. आणि मोनालीचं शाळा-कॉलेज अशा शहरांत गेलं होतं, जिथे हा प्रश्न नावाच्या आधी यायचा आणि उत्तर मिळालं की पुढच्या आठवड्यात डब्याची अदलाबदल बंद व्हायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आता ते चित्र.

अ‍ॅनिमेशनवाल्यांची एक जुनी खोड आहे. चित्रात मागे ठेवलेल्या पुस्तकावर स्वतःच्या मांजराचं नाव घालायचं, गर्दीत शाळेतले मास्तर उभे करायचे, दुकानाच्या पाटीवर बायकोची सही सोडायची. डोळ्यात भरता कामा नये आणि कुणाला टोचता कामा नये, एवढी अट पाळली की वरिष्ठ कानाडोळा करतात. मग लोक घरी पिक्चर थांबवून थांबवून असल्या गोष्टी शोधत बसतात. त्या वर्षी मोनालीकडे बदकाच्या बेकरीचा पिक्चर होता. गावात सगळे प्राणीच, माणूस औषधालाही नाही. त्या बेकरीच्या गल्ल्यामागच्या भिंतीवर तिने नखाएवढी एक तसबीर टांगली. तिच्यात दारात उभी असलेली एक बाई. पांढरं सुती लुगडं नव्हे, साधी पांढरी साडी, बारीक निळा काठ, घट्ट अंबाडा, काळासावळा चेहरा, हातात कापडी पिशवी, एक पाय चपलेतून अर्धा बाहेर.

ती कांता. मोनालीची आई. नागपूरला वीज मंडळात हिशेबनीस होती. नवरा लवकर गेला, त्याच्या मागे तिने मुलगी एकटीने वाढवली. संध्याकाळी ऑफिसातून भाजी घेऊन आली की ती दारात क्षणभर अशी उभी राहायची, पायरीवर बसून वाट बघणाऱ्या मुलीकडे बघायची आणि मग चपला काढायची. मोनालीच्या सगळ्या लहानपणातलं सुख त्या एका क्षणात मावत होतं. जगात तिला लपवून ठेवावंसं वाटलं असं दुसरं काही नव्हतंच.

पिक्चर आला तेव्हा तिने फोन करून आईला सांगितलं. कांताबाईंनी विहारातल्या सगळ्यांना गोळा केलं, कुणाचा तरी प्रोजेक्टर आणला, बरोब्बर त्या ठिकाणी पिक्चर थांबवला आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. "अमेरिकेच्या पिक्चरमध्ये आहो ना मी आता," असं त्या भाजीवाल्यालाही सांगायच्या.

इकडे रुपालीच्या बेसमेंटमध्ये भिंतीएवढा टीव्ही होता. तिने सगळ्या टीमला पिक्चर बघायला बोलावलं, आपल्या गोलकीपरचा पिक्चर म्हणून. मोनाली त्या दिवशी घरून ठरवून निघाली होती. तिने सांगितलं, "यात मी एक गोष्ट लपवली आहे. शोधा." ती सापडली की म्हणायचं, ही माझी आई. तिच्यावरून बोलणं निघेल, निघू दे. आईच्या बोटाला धरून त्या दारातून आत जाऊ, असं काहीतरी तिच्या मनात होतं. मनातले मांडे खायला पैसे पडत नाहीत.

शोधलं इलाने. इला इथेच जन्मलेली, दातांची डॉक्टर, आई-वडील ठाण्याचे. "देअर! त्या वॉलवर!" ती किंचाळली. रुपालीने चित्र थांबवलं, मोठं केलं, आणखी मोठं केलं. भिंतभर कांताबाई उभ्या राहिल्या.

"अगं बाई!" रुपालीने कपाळावर हात मारला. "ही तर सेम आमच्या कोथरूडच्या कामवाल्या मावशी! ती पिशवी बघ, तो अवतार बघ. दहाला बोलावलं की अकराला येऊन अश्शी दारात उभी राहायची. काय पकडलंयस गं मोनाली!"

सगळ्या खो खो हसल्या. दुष्टपणे नाही, प्रेमानेच. एकीला नाशिकची तिची बाई आठवली, दुसरीला दादरची. "सो क्यूट!" इला म्हणाली. "मोना, तुमच्या घरची मेड होती का ही?"

मोनालीच्या जिभेवर शब्द तयार होते. पण आता ते बाहेर काढले असते तर खोलीतलं हसू झटकन थांबलं असतं. ‘सॉरी, सॉरी’ झालं असतं, आणि त्या सॉरीच्या मागून प्रत्येकीच्या डोळ्यांत तो प्रश्न आला असता, की असं कसं, पाटलांच्या घरची बाई अशी कशी दिसते. एका गोऱ्या रंगाच्या, नथ घातलेल्या आईला कुणी कामवाली म्हटलं नसतं. हे त्यांना कळलं नसतं, पण मोनालीला कळत होतं, आणि त्याचा तिला इतका संताप आला की त्या संतापाचीच भीती वाटली.

"हो," ती म्हणाली. "आमच्याकडे होत्या. सगुणाबाई."

नाव कुठून सुचलं कुणास ठाऊक. खोटं बोलायला बसलं की माणसाची बुद्धी फार चालते.

एवढ्यावर भागलं असतं तर रडून मोकळी झाली असती बिचारी. पण रुपालीला कल्पना सुचली, आणि रुपालीला कल्पना सुचली की ती अमलात येते. दारात ठाण मांडून उभी, कुणाला आत येऊ देत नाही, म्हणजे ही तर आपली गोलकीपरच! सगुणाबाई ही वाघिणींची लकी मॅस्कॉट. प्रत्येकीच्या हेल्मेटवर तिचा स्टिकर. इलाने स्टिकर करून घ्यायचं अंगावर घेतलं, पण टीव्हीवरून काढलेला फोटो धूसर येत होता. तिने मोनालीला मेसेज केला, ओरिजिनल फाइल आहे का?

होती. आईच्या जुन्या फोटोवरून मोनालीने केलेलं मूळ चित्र, पिक्चरमध्ये बारीक करण्याआधीचं, सुरकुती न् सुरकुती दिसणारं. दोन दिवस तिने उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी पाठवून दिलं. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, पण इथे कुणी ढकललंही नव्हतं. तिने स्वतःच्या हाताने आई पाठवली.

स्टिकर सुरेख आले. वाघिणी एकामागून एक मॅचेस जिंकत गेल्या, आणि गोल वाचला की बेंचवरून आरोळी उठायची, ‘सगुणाबाई! सगुणाबाई!’ गोऱ्या रेफरीलाही ते नाव पाठ झालं. मोनाली जाळीमागे उभी राहून ऐकायची. पहिल्यांदा तिने बेंचकडे पाठ फिरवली. मग सवय झाली, आणि सवय झाल्याचीच तिला लाज वाटली.

फेब्रुवारीच्या शेवटी कांताबाई अमेरिकेत आल्या. विमानतळावर मोनालीने त्यांना मिठी मारली आणि घरी येताना गाडीतच सांगितलं, "आई, इथे मराठी लोक भेटले ना, तर नमस्कार म्हणत जा. जय भीम नको. इथे सगळेच मिक्स असतात."

कांताबाई बाहेरचा बर्फ बघत होत्या. "बरं," एवढंच म्हणाल्या.

मोनाली आईशी बोलायला लागली की तिची भाषा आपोआप नागपूरची व्हायची, ‘करून राहिली’, ‘जाऊन राहिली’. टीमचा फोन आला की ती दुसऱ्या खोलीत जायची आणि बाहेर येईपर्यंत पुण्याची झालेली असायची. कांताबाईंच्या हे लक्षात आलं नसेल असं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या जमाखर्चातल्या चुका धरलेली बाई ती. पण मुलीच्या घरी पाहुणी आलेली आई सगळं बोलून दाखवत नाही.

मार्चमध्ये वाघिणी नवशिक्यांच्या लीगच्या फायनलला पोचल्या. रविवारी दुपारची मॅच. कांताबाई आठवडाभर आधीपासून विचारत होत्या, "मी येऊ ना बघायला?"

"तिथे फार थंडी असते आई. रिंकमध्ये बाहेरच्यापेक्षा जास्त. तुझे गुडघे धरतील. मी व्हिडिओ आणते ना."

"बरं," कांताबाई म्हणाल्या आणि तिला जेवायला वाढलं.

त्या दिवशी मॅच रंगात आली होती. समोरची टीम ब्लूमिंग्टनची, उंच्यापुऱ्या, लहानपणापासून स्केटवर वाढलेल्या बायकांची. पहिल्या भागात सगळा वेळ पक वाघिणींच्याच अंगणात होती. मोनाली आडवी पडत होती, गुडघ्यांवर घसरत होती, हातमोज्यात पक झेलत होती. तिला दुसरं काही सुचत नव्हतं आणि म्हणून ती सुखात होती. पहिली विश्रांती झाली. तिने पाण्याची बाटली घेतली, मास्क वर केला आणि सहज काचेकडे पाहिलं.

काचेपलीकडे रवीच्या जाडजूड जाकिटात बुडालेल्या, डोक्याला लोकरीची टोपी घातलेल्या, खाली पांढऱ्या साडीच्या निऱ्या आणि पायांत बर्फाचे बूट अशा कांताबाई उभ्या होत्या. रवीने त्यांना आणलं होतं. मागून तो हात हलवून हसत होता, सरप्राइज म्हणून. त्याला स्टिकरचं काही माहीत नव्हतं. मोनालीने त्याला कधी रिंकवर येऊ दिलंच नव्हतं, आणि मास्कही आपल्या गाडीच्या डिकीतून कधी घरात नेला नव्हता.

कांताबाईंचं बोट काचेवर टेकलं होतं. त्या मोनालीच्या मास्ककडे बोट दाखवत होत्या, मग बेंचवरच्या रुपालीच्या हेल्मेटकडे, मग इलाच्या, मग ओळीने सगळ्यांच्या. आणि मग स्वतःच्या छातीकडे. मी? मी ना? त्यांचा चेहरा इतका फुलला होता की मोनालीला तो बघवेना. काचेतून आवाज येत नव्हता. ती नुसती मान हलवत राहिली, हो, हो.

पुढच्या खेळात तिच्या पायांमधून एक साधी पक निघून गेली, शाळेतल्या मुलीनेही अडवली असती अशी. "इट्स ओके, मोना!" रुपाली ओरडली. मोनालीला मात्र खेळात गोल खाल्ल्याचं काही वाटलं नाही. ती मनातल्या मनात एकच प्रार्थना करत होती, की आपण हरू दे. हरलो तर कुणी थांबणार नाही. सगळ्या तोंडं पाडून घरी जातील, आणि आईला मागच्या दाराने गाडीत बसवता येईल.

पण तिचे हात तिचं ऐकेनात. पक आली की हात आपोआप जात होता. आधी बरोबरी झाली, मग इलाने शेवटी शेवटी एक गोल केला, तो विजयाचा ठरला. वाघिणी जिंकल्या. गोलकीपरनेच टीमला वाचवलं, असं सगळे म्हणत होते.

लॉबीत गर्दी झाली. हॉट चॉकलेटचे कप, भिजलेल्या ग्लोव्हजचा वास, नवऱ्यांचे मोबाइल. वाघिणी हेल्मेटं काखेत धरून बाहेर आल्या आणि मोनाली पॅड सोडायच्या आत रुपालीने कांताबाईंना गाठलंही होतं.

"काकू! मोनालीच्या आई ना तुम्ही? नमस्कार! काय लेक आहे हो तुमची, आज तिच्यामुळे जिंकलो आम्ही."

"नमस्कार," कांताबाई म्हणाल्या. आठवण ठेवून म्हणाल्या. त्यांचे डोळे पाणावले होते. "अहो, मी काय बोलू तुम्हा लोकांना? माझा फोटो डोक्यावर घेऊन खेळून राहिल्या तुम्ही सगळ्या. एवढा मान मला माझ्या ऑफिसात नाही कुणी दिला."

"तुमचा फोटो?" रुपाली अजून हसतच होती.

"हा काय." कांताबाईंनी रुपालीच्या काखेतल्या हेल्मेटवर हात फिरवला. "मोनानं पिक्चरमध्ये लपवलेला. ऑफिसातून घरी आली की मी अशीच उभी राहत होती दारात. ही पिशवी पण माझीच. भाजी आणायची यातून."

इलाने कप तोंडाशी नेला होता, तो तिथेच राहिला. "वेट," ती म्हणाली, "बट मोना तर..." आणि थांबली. तिला थांबायचं कळलं. रुपालीला नाही कळलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं तिच्या तोंडून निघालं, "पण ही तर सगुणाबाई ना? तुमच्याकडच्या कामवाल्या?"

कांताबाईंनी मोनालीकडे पाहिलं.

हीच वेळ होती. आभाळ कोसळलं नसतं. मोनाली म्हणाली असती, मी खोटं बोलले, ही माझी आई, तर रुपाली ओशाळली असती, बहुतेक रडलीही असती, कांताबाईंच्या पाया पडली असती. दोन मिनिटांचा तमाशा. पण त्या दोन मिनिटांच्या पलीकडे काय आहे हेही मोनालीला दिसत होतं. आपापल्या घरी जाताना गाड्यांमधून होणारी बोलणी, ‘तरीच’ हा शब्द, पुढच्या इडलीपार्टीतलं जरा जास्तच गोड वागणं. आणि मग पुन्हा तेच दिवस, त्या खोलीतले, त्या स्क्रीनसमोरचे. समोरून येणारी पक कुठे जाणार ते आधी ओळखायची सवय लागलेली बाई, तिने हेही आधीच ओळखलं आणि अडवायला हात पुढे केला.

"आई, तुझा काहीतरी घोळ होतोय," ती म्हणाली. पुण्याच्या मराठीत म्हणाली. "त्या सगुणाबाई. आपल्याकडे यायच्या ना? आठवत नाही का तुला?"

"मोना, काय बोलतेस तू?" रवी पुढे झाला. कांताबाईंनी त्याच्या बाहीवर हात ठेवला. नुसता ठेवला, पण रवी गप्प झाला.

त्या मोनालीकडे बघत होत्या. रागाने नाही. एखाद्या अनोळखी माणसाचा चेहरा कुठे पाहिलाय ते आठवावं, तशा. मग त्यांनी पदर जाकिटात खोचला.

"हो का," त्या म्हणाल्या. "असेल बाप्पा. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून असंच होते माझं. चष्मा नसला की काहीचं काही दिसते."

चष्मा त्यांच्या नाकावर होता.

"अहो काकू, होतं असं!" रुपालीचा जीव भांड्यात पडला. "माझी आई तर टीव्हीवरच्या बातमीवालीला माझी मावशी समजते. चला चला, फोटो काढू. काकू, तुम्ही पण या, इकडे, मोनालीच्या शेजारी. हेल्मेटं पुढे धरा गं, सगुणाबाई दिसल्या पाहिजेत."

सगळ्या ओळीने उभ्या राहिल्या. प्रत्येकीच्या पोटाशी एक, सगळ्या हेल्मेटांवरून कांताबाई कॅमेऱ्याकडे बघत होत्या, आणि मध्ये खऱ्या कांताबाई, मुलीच्या ओल्या पॅडला टेकून.

"बोला, सगुणाबाईंचा..." रुपाली ओरडली.

"विजय असो!" सगळ्या म्हणाल्या. मोनालीने ऐकलं, तिच्या कानाजवळून अगदी हळू आवाजात आईनेही म्हटलं, विजय असो. कुणाचा उत्साह मोडू नये म्हणून म्हटलं.

मोनालीची गाडी रिंकवरच राहिली, तिघं रवीच्या गाडीतून घरी निघाले. रवी स्टिअरिंगवरचे हात इतके घट्ट आवळून बसला होता की बोटं पांढरी पडली होती. कांताबाई पुढे, मोनाली मागे. तिला हजारदा वाटलं की पुढे वाकावं, त्या टोपीखालच्या मानेला कपाळ टेकावं आणि सगळं ओकून टाकावं. पण माफी मागायला तोंड लागतं. तिच्याकडे त्या दिवशी एकच तोंड होतं आणि ते तिने लॉबीत वापरून टाकलं होतं. आई ओरडली असती, एक थोबाडीत मारली असती, तर तिला बरं वाटलं असतं. तेवढं बरं वाटू देण्याइतक्या कांताबाई उदार झाल्या नाहीत, किंवा त्यांच्या ते मनातही आलं नसेल.

सिग्नलला गाडी थांबली, तेव्हा त्या मागे न वळता म्हणाल्या, "मोना, एक विचारू?"

"विचार ना आई." नागपूरची भाषा झटकन परत आली, पाळलेल्या कुत्र्यासारखी.

"ते जे चित्र आहे, पिक्चरमधलं. ते आता काढता येते का त्याच्यातून?"

मोनालीने पुढच्या सीटची पाठ धरली.

"नाही, तिकडे सगळ्यांना सांगून बसली ना मी," कांताबाई म्हणाल्या. "विहारात दाखवलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. आता गैरसमज झाला म्हणून सांगावं लागेल. पण ते तिथेच राहिलं, तर लोक परत परत विचारतील. म्हणून म्हटलं, निघते का."

"नाही निघत आई," मोनाली म्हणाली. "एकदा पिक्चर बाहेर पडला, की नाही काढता येत."

सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाडीने हॉर्न दिला आणि रवीने गाडी पुढे काढली.

"बरं," कांताबाई म्हणाल्या. "मग राहू दे."